जळीतमहालच्या निळ्या दिव्याची हकीकत

श्रीअश्विनीकुमार प्रसन्न असोत, लिहिणाराचा हात धुतलेला असो, वाचणाराचाही असो. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरीं, एका शुश्रूषेच्या दौलतींत, म्हणजे इस्पितळांत, जें वर्तमान जाहलें तें येणेंप्रमाणें. दौलतीचें नांव लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. चार मजले, दोन लिफ्ट, पैकीं एक सदैव बंद, इतक्यावर ओळखावी. दौलतीचे धनी श्रीमंत जयवंतराव, विश्वस्तमंडळाचे मुख्य. आणि भाजलेल्या रोग्यांची जी खोली, जीस जळीतमहाल म्हणत, तिची सरदारकी डॉक्टर कालिंदीबाई देवस्थळी यांजकडे होती. बाईंचा हात कातडीस कातडी जोडण्यांत ऐसा बसलेला कीं दूरदूरचे रोगी नांव पुसत येत, आणि जिभेस धार तितकीच, त्यामुळें धडधाकट माणूस त्या बाजूस फिरकत नसे.

त्या महालास गनीम लागला होता. गनीम म्हणजे डोळ्यांस न दिसणारे जंतू. त्यांनीं खाटेचे कठडे, टेबलाची कड, दाराची मूठ, पडद्याची चूण ऐशा जागा धरून मोर्चे बांधले, आणि फडकें फिरलें कीं दबावें व फडकें गेलें कीं उठावें, ऐसा त्यांचा कावा. मग बाईंनीं विश्वस्तांच्या मागें लागून अतिनील किरणांचा दिवा आणविला. पुरुषभर उंच, चाकांवर चालणारा, अंगाभोंवतीं नळ्याच नळ्या. रोगी शेजारच्या खोलींत न्यावे, दार लावावें, बाहेरून कळ दाबावी, आणि निळा उजेड पडून गनीम जागच्या जागीं ठार व्हावा. कांहीं महिने फत्ते जाहली, जखमा स्वच्छ राहिल्या, आणि बाई दोन वेळां हंसल्याचें परिचारिका सांगतात.

मग काय जाहलें, सफाईच्या ढकलगाडीचा धक्का लागून दिव्याची एक नळी तडकली, आणि बाई कोपल्या, आणि कोपाच्या भरांत हुकूम केला जे दिव्यास चहूंकडून काच बसवावी. हें श्रीमंतांच्या कानीं गेलें. श्रीमंतांच्या मातोश्री सगुणाबाई पूर्वीं स्टोव्हच्या भडक्यानें भाजून ह्याच खोलींत वारल्या होत्या, तेणेंकरून श्रीमंत म्हणाले, "काचेचा खर्च आमचा." मग जाड, लखलखीत काच आली, आणि तीवर सोनेरी अक्षरीं मातोश्रींचें नांव, आणि नारळ फुटला, आणि पेढे वांटले, आणि काचेआड दिवा नवरदेवासारखा शोभला. उजेड पूर्वीं निळा पडे, आतांही निळाच पडला. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या, त्यांत बाईही होत्या.

पुढें दिवाळीचा माल तळतांना कढई उलटून गेनूशेठ हलवाई छातीपोटावर भाजले आणि जळीतमहालीं दाखल जाहले. बाईंनीं त्यांच्या एका मांडीची कातडी काढून छातीवर लाविली, तीस पू धरला आणि ती गेली. मग दुसऱ्या मांडीची लाविली, तीही गेली. पाठ भाजलेली, हात भाजलेले. उरली पोटऱ्यांवरची, ती एकदांच पुरणारी. त्यांची बायको हौसाबाई बाकावर बसून असे. ती बाईंस म्हणाली, "बाई, एक विचारते, रागावू नका. ह्याबी वेळंला गेली, तर आणि कुठली काढणार?" त्या दिवशीं बाईंनीं जेवणाचा डबा उघडला तैसाच मिटला.

मग बाईंनीं मोहीम मांडली. त्या म्हणाल्या, "उजेड सरळ जातो. जिथं सावली तिथं जंतू वाचतो. सावली मोडायची." तेव्हां पडदे उतरविले, भिंतींस किरण परतविणारा पांढरा रंग दिला, आणि दिवा एके ठायीं न ठेवितां खाटेच्या उशाशीं, पायथ्याशीं आणि दारापाशीं असे मुक्काम बांधून दिले. परिचारिका कुरकुरल्या, रंगारी पळाला, दुसरा आणिला. तरी टेबलावरून कापूस फिरवून तपासावा तों गनीम जिवंत. मग बाईंनीं सफाईवाल्यांस बोल लाविला, आणि ते निमूटपणें ऐकून गेले. शेवटीं पिवळ्या चकत्या मागविल्या, ज्यांवर पुरता किरण पडला कीं त्या गुलाबी होतात. त्या खाटेखालीं लाविल्या, कडेस लाविल्या, एक तर दिव्याच्या थेट तोंडासमोर लाविली. दिवा लागला, विझला, चकत्या पिवळ्याच. बाई म्हणाल्या, "माल जुना आहे," आणि दुकानदारास फोनवर जें बोलल्या तें येथें लिहीत नाहीं.

नवा माल आला तोही पिवळाच राहिला. दिवा पुन्हा लावून बाई दाराच्या काचेशीं नाक लावून उभ्या राहिल्या. हौसाबाई मागून आली आणि थबकली. "बाई, असं बघून डोळं जात्याल की. पाटी लावलीया न्हवं, उजेडात जाऊ नका म्हणून?"

"दाराआडून बघा खुशाल," बाई म्हणाल्या. "काही होत नाही. ते किरण काचेतून पार येत नाहीत. दिसतो तो नुसता निळा उजेड."

इतकें बोलतां बाईंची नजर दाराच्या काचेवरून दिव्याच्या काचेवर गेली आणि तेथेंच खिळली. हौसाबाई भ्याली. म्हणाली, "मी आपलं सहज बोलले."

"तुम्ही ठीकच बोललात," बाई म्हणाल्या. "गाढव मी आहे."

मग बाईंनीं पेचकस मागविला आणि दिव्याची काच खासा आपल्या हातें उतरविली, आणि विश्वस्तांस पुसलें नाहीं. चकत्या लाविल्या, दिवा लाविला, आणि झाडून साऱ्या चकत्या गुलाबी जाहल्या, खाटेखालची देखील. तें पाहून बाईंस आनंद जाहला नाहीं. गेनूशेठच्या दोन्ही मांड्या त्यांस दिसूं लागल्या. मग सफाईवाल्यांस बोलावून त्यांची माफी मागितली, आणि महाल उघड्या दिव्यानें निर्जंतुक करून पोटऱ्यांची कातडी छातीवर लाविली.

पट्टी सुटावयाचे दिवशींच मातोश्रींची पुण्यतिथी. श्रीमंत हार घेऊन आले, तों दिवा उघडा आणि काच अडगळीच्या खोलींत मोडक्या स्टँडास टेकलेली. श्रीमंतांचा चेहरा उतरला. "डॉक्टर, माझ्या आईला अडगळीत टाकलंत?"

"काच मीच मागितली होती, म्हणून तुम्ही दिलीत," बाई म्हणाल्या. "चूक माझी. काचेनं किरण अडले, म्हणून ह्या माणसाची दोनदा लावलेली कातडी वाया गेली. आता तोंडाला मास्क लावा आणि थांबा. पट्टीखाली पू निघाला, तर काच होती तिथं बसवते आणि मीही जाते."

श्रीमंत थांबले. हार कोठें ठेवावा हें न कळून हातींच राहिला. बाईंनीं पट्टी भिजवून पदर पदर सोडविली. खालीं कातडी गुलाबी, चिकटलेली, पुवाचें नांव नाहीं. "धरली," इतकेंच बाई बोलल्या.

मग श्रीमंतांनीं हळूच पुसलें, "आईच्या वेळी हा दिवा असता, असा उघडा, तर?"

बाई म्हणाल्या, "खोटं सांगत नाही. वाचल्या असत्या असं म्हणवत नाही. पण त्यांना पूच खाऊन गेला. लढायला तरी मिळालं असतं."

श्रीमंतांनीं मास्कनेंच डोळे पुसले, आणि हुकूम केला, "नाव भिंतीवर लिहा. दिव्यासमोर. रोज तिच्यावर उजेड पडू दे." आणि हार परिचारिकेपाशीं देऊन जिन्यानें उतरले, कारण लिफ्ट बंद होती.

पुढें गेनूशेठ उठून बसूं लागले, आणि हौसाबाईनें दुकानची शेव आणिली, तेव्हां एक घांस चावून म्हणाले, "तेल जुनं वापरलं. गल्ल्यावर कोण होतं?" हें ऐकून ती पदर तोंडाशीं धरून रडली, आणि शेठ म्हणाले, रडण्याइतकी वाईट नाहीं.

एवंच, जळीतमहालीं गनीम मोडला, कातडीनें अंग धरलें, आणि दिवा आजतागाईत उघडा चालतो. नव्या डॉक्टरांस त्या दिव्याची रीत बाई स्वतः शिकवितात, चकत्या तपासून घेतात, आणि मग गेनूशेठच्या दोन मांड्या कोणाच्या हुकुमानें फुकट गेल्या तें सांगतात. त्यांत आपलें नांव गाळीत नाहींत.