तान्ह्या पोळ्याची गर्दी

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर रस्त्यावरच्या त्या पार्कात माणूस औषधाले सापडणार नाही," विनोद फोनवर म्हणाला. "अख्खं पांढुर्णा जाम नदीवर असते. दुकानं बंद, शाळा बंद. उलट बाहेरचे लोक गोटमारीची दगडफेक पाहाले आपल्याकडं येतात. मंग पार्कात कोन राह्यते? आपण तिघं, अन् पाळणे."

पलीकडं सौंसरला दामिनीनं आधी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाली, "हाव. या."

गेले दोनेक महिने बायको फोनवर "हं", "नाही" आणि "जेवली" एवढंच बोलत होती. त्या मानानं "हाव, या" म्हणजे भाषणच झालं. विनोदनं फोन ठेवला, दुकानातल्या कूलरवरची धूळ स्वतः झटकली आणि नोकराला त्याच दिवशी पोळ्याची बक्षिशी देऊन टाकली.

विनोदचं पांढुर्ण्याला स्टेशन रोडवर कूलरचं दुकान. हिवाळ्यात कूलरला कुणी विचारत नाही तेव्हा माल भरायचा आणि एप्रिलमध्ये लोक घामानं चिंब होऊन दारात उभे राहिले की विकायचा. यात त्याचं बरं चाललं होतं. चूक एवढीच झाली की हाच नियम त्यानं संसारालाही लावला. लग्न त्यानं भर पावसाळ्यात केलं, कारण तेव्हा लॉन निम्म्या भाड्यात मिळत होतं. पाहुण्यांनी एका हातात ताट आणि एका हातात छत्री धरून जेवण केलं. वरण जरा पातळ झालं, पण ते आचाऱ्यामुळं नव्हे. लग्नानंतर पचमढीला नेलं तेही भर पावसात. पाहायच्या सगळ्या जागा बंद होत्या. चार दिवस दोघांनी लॉजच्या गॅलरीतून धुकं पाहिलं.

पुढं सायली झाली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली आणि एक दिवस तिनं मोबाइलवर नागपूर रस्त्यावरच्या पार्कातला रोलर कोस्टर पाहिला. तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं. पण सुट्टीच्या दिवशी पार्कात गर्दी आणि तिकीटही चढं. सुट्टी नसेल त्या दिवशी तिची शाळा. उन्हाळ्यात शाळा नसते, तर कूलरचा सीझन. असं करता करता पोरगी तिसरीत गेली. यंदाचाही उन्हाळा तसाच गेल्यावर आखाडात दामिनी पोरीला घेऊन दहा दिवसांसाठी म्हणून सौंसरला माहेरी गेली आणि परत आली नाही. भांडण झालं नव्हतं. विनोदला धास्ती त्याचीच होती. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.

तर त्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन सौंसरला पोचला. दामिनी तयार होती, सायली तर रात्रीपासूनच तयार होती. आणि गाडीच्या पुढच्या सीटवर, पांढरं धोतर, टोपी आणि मांडीवर डबा अशा थाटात सासरे नत्थूजी बसले होते.

"मामाजी, तुम्ही?"

"मीबी येतो. संत्र्याच्या बगिच्यात चिखल झाला, घरी बसून काय करू?" नत्थूजी म्हणाले. "पुरणपोळ्या घेतल्या आहेत. तुमचा पार्क पाहू."

बायकोशी वाटेत बोलायचं म्हणून विनोदनं चार वाक्यं मनात जुळवून आणली होती. ती त्यानं पुढं ढकलली.

सावनेरपर्यंत रस्ता मोकळा होता. पुढं गाड्या हळू झाल्या आणि मग थांबल्याच.

"पुढं काही झालं असंल," विनोद म्हणाला.

पुढं काहीही झालेलं नव्हतं. सगळ्या गाड्या पार्कातच चालल्या होत्या. गाड्यांत लाकडी बैल मांडीवर घेतलेली पोरं, त्यांच्या आया, आत्या, आज्या. नागपुरात त्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांचा पोळा असतो आणि सुट्टी असते, हे विनोदला लहानपणापासून ठाऊक होतं. पण इतके दिवस त्यानं गर्दीचा विचार केला तो फक्त पांढुर्ण्याच्या बाजूनं. गेटवर मोठा फलक होता : आज सुट्टीचा दर.

"भाऊ, इतके लोक कसे काय?" त्यानं गाड्या लावून घेणाऱ्या माणसाला उगाच विचारलं.

"सुट्टी आहे ना," तो माणूस म्हणाला आणि शिट्टी वाजवत पुढं गेला.

दामिनीनं फलक वाचला आणि पोरीच्या केसांची क्लिप सरळ केली. ती बोलली असती तर विनोदला बरं वाटलं असतं.

गेटवर पहिली अडचण डब्याची झाली. बाहेरचं खाणं आत चालत नव्हतं. नत्थूजींनी तिकिटाचा दर ऐकला, डब्याकडं पाहिलं आणि तिथल्या तिथं निकाल लावला. "इतके पैसे देऊन मी पाळण्यात बसणार नाही, अन् पुरणपोळी फेकणार तं मुळीच नाही. तुम्ही जाऊन या. मी त्या लिंबाखाली बसतो."

तिकिटाची रांग सरकत सरकत खिडकीपाशी आली. बाजूला एक लाकडी अस्वल उभं होतं, त्याच्या हातात उंचीची पट्टी. पट्टीच्या खाली असलेल्या पोरांना निम्मं तिकीट, वर असलेल्यांना मोठ्यांचं पूर्ण. सायली धावत जाऊन अस्वलापाशी ताठ उभी राहिली आणि पट्टीच्या दोन बोटं वर गेली.

विनोद वाकला. "शूज काढ."

सायलीनं शूज काढले. तरी केस वर येत होते.

"मान थोडी आत घे. गुडघे ढिले सोड. हां, अशीच राह्य."

खिडकीतल्या मुलीनं सकाळपासून हजार पोरं पाहिली होती. तिनं नीट पाहिलंही नाही. सायलीच्या मनगटात तिनं पिवळा पट्टा अडकवला आणि दोघांच्या मनगटांत लाल. सुट्टीच्या दरातही काहीतरी वाचवलं, म्हणून विनोदला सकाळपासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

"बाबा, मी बुटकी आहो का?" शूज घालताना सायलीनं विचारलं.

"नाही वं. आजच्यापुरती."

दामिनी दुसरीकडं पाहत होती.

आत गेल्यावर रोलर कोस्टरशिवाय सायलीला काहीच नको होतं. त्याची रांग पत्र्याच्या मांडवाखाली, लोखंडी कठड्यांमधून जिलबीसारखी वळत गेली होती. रांगेत शिरलेला माणूस बाहेर निघू शकत नव्हता, पुढंही जाऊ शकत नव्हता. वर गाडी धडधडत जायची, लोक किंचाळायचे आणि रांग एक पाऊल सरकायची. विनोद मनातल्या मनात हिशेब करायला लागला की एवढ्या तिकिटात दिवसाला किती पाळणे होतील. उत्तर एक आलं. त्यानं हिशेब सोडून दिला.

सायली पुढं कठड्याला लोंबकळत होती. मागं दोघं नवरा-बायको, खांद्याला खांदा लावून, कारण दुसरी जागाच नव्हती.

"शाळा सुरू झाली असंल तिची तिकडं," विनोद काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. त्याला वाटलं होतं, ती म्हणेल, छे, परत न्यायची आहे ना.

"झाली. सौंसरलेच नाव टाकलं," दामिनी म्हणाली. "अन् मले बोरगावच्या शाळेत नोकरी लागली. पहिलीच्या पोरांले शिकवाचं आहे. सोमवारपासून जातो."

वरून गाडी गेली. किंचाळ्या ओसरेपर्यंत विनोदला थांबावं लागलं.

"मले सांगितलं नाही?"

"तेच सांगाले आली आज. घरी बोलाचं म्हटलं तं तुम्ही म्हणता, आता सीझन आहे. सीझन गेला की म्हणता, आता काहून घाई. मंग म्हटलं, पार्कात तं बोलू. तुम्ही पळून कुठं जाल?"

ती हे रागानं म्हणाली नाही. एखाद्याला रस्ता सांगावा तसं म्हणाली. विनोदनं कठडा घट्ट धरला. पुढच्या बाईच्या कडेवरचं पोर त्याच्याकडं एकटक पाहत होतं. त्याच्यापासूनही त्याला तोंड लपवता येईना.

"तुले माझ्यासंग इतकं वाईट वाटलं का?" त्यानं शेवटी विचारलं. "पचमढीपासून?"

"पचमढी मले आवडली होती."

"ती? तिथं तं काहीच पाहिलं नाही."

"तुम्ही चार दिवस कुठंच गेले नव्हते," दामिनी म्हणाली. "भजे मागवले, बोलत बसले. मले वाटलं, हा माणूस असाच आहे."

रांग सरकली. दोघं सरकले. मग बराच वेळ ते बोलत राहिले. पहिलीच्या पोरांना पेन्सिल कशी धरायला शिकवतात ते तिनं सांगितलं. दुकानात एकटं जेवताना आपण टीव्ही मोठा लावतो, हे त्यानं सांगितलं. त्यावर ती थोडी हसली. आयुष्यभर ज्या गर्दीला तो टाळत आला, तिच्यामुळं बायको दोन तास शेजारी उभी होती, आणि ही रांग आणखी लांब असती तरी चाललं असतं, असं त्याला वाटायला लागलं.

"नोकरी तं मी करीन," ती म्हणाली. "पण दिवाळीले येऊ आम्ही दोघी. राहून पाहू. मंग पाहू."

"हाव," विनोद म्हणाला.

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. सायली उड्या मारत फाटकापाशी गेली. फाटकावरच्या पोरानं तिचा हात धरला आणि मनगट पाहिलं.

"पिवळा पट्टा इथं चालत नाही. लहान पोरांले बंदी आहे."

"अहो, पण ती उंच आहे," विनोद म्हणाला. "मोजा ना. शूज घालून मोजा."

पोरानं तिला पट्टीपाशी उभं केलं. ती वर गेली. "उंची तं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण पट्टा पिवळा आहे. खिडकीवरून लाल घेऊन या."

मागचे लोक ओरडायला लागले. सायलीनं हात मागं घेतला आणि बापाकडं पाहिलं. रडली नाही. दामिनीनं तिला जवळ ओढून कठड्याबाहेर काढलं.

"इथंच थांबा," विनोद म्हणाला. "मी आत्ता आणतो."

तो पळाला. तिकिटाच्या खिडकीवर आता सकाळच्या दुप्पट रांग होती. दुपारनंतर येणारे लोकही आता येऊन पोचले होते. मध्ये घुसायला गेला तर एका नागपुरी आजीनं त्याला पिशवीनं मागं सारलं. खिडकीपाशी पोचला तर मुलगी म्हणाली, पट्टा बदलायची खिडकी वेगळी. त्या खिडकीतली बाई जेवायला गेली होती. तो उभा राहिला. पावसाची सर आली, तरी उभा राहिला. फरकाचे पैसे भरले, दिवसभराचं वाचवलेलं सगळं गेलं, आणि लाल पट्टा मुठीत धरून तो परत पळाला.

रोलर कोस्टरच्या फाटकाला साखळी लागली होती. पावसात गाडी चालवत नाहीत. पत्र्याखाली पायरीवर मायलेकी बसल्या होत्या. सायलीचे मोजे ओले झाले होते.

"उघडेल का?" त्यानं फाटकावरच्या पोराला विचारलं.

"आज नाही."

विनोद खाली बसला आणि तरीही त्यानं तो लाल पट्टा सायलीच्या मनगटात अडकवला. "हा मोठ्यांचा आहे," तो म्हणाला. सायलीनं हात फिरवून पट्टा पाहिला आणि मान हलवली. पाहुण्यांनी न आवडणारा फ्रॉक दिला की ती अशीच मान हलवायची.

बाहेर लिंबाखाली नत्थूजींचा दरबार भरला होता. डबा रिकामा झाला होता. तीन ड्रायव्हर, एक फुगेवाला आणि सावनेरचं एक कुटुंब त्यांच्याभोवती बसलं होतं आणि संत्र्याच्या भावावर बोलणं चाललं होतं.

"लई चांगली जागा आहे, विनोदराव," नत्थूजी गाडीत बसताना म्हणाले. "वारा मस्त लागते. पुढच्या साली परत येऊ."

परतीच्या वाटेवर तेच एकटे बोलत होते. सौंसर जवळ आल्यावर विनोदनं आरशातून मागं पाहिलं. "दिवाळीले मंग..."

"पाहू," दामिनी म्हणाली.

दुपारी या वाक्यात पुष्कळ शब्द होते. आता एवढा एकच उरला होता.

सासूबाईंनी, विजयाबाईंनी, त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. विनोद पाटावर बसला. त्याचे कपडे अजून ओले होते. विजयाबाईंनी नातीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "मंग, बसली का त्या गाडीत?"

विनोदनं घास तसाच हातात धरला. दामिनीनं वाढता वाढता थांबून पोरीकडं पाहिलं.

"बसली ना," सायली म्हणाली. लाल पट्ट्याचा हात तिनं आजीच्या नाकासमोर धरला. "लई वर गेली. वरून आबाजी दिसले, लिंबाखाली जेवताना. मंग एकदम खाली आली, पोटात गोळा आला. आई बाजूला बसली होती. आईनं डोळे मिटले होते."

"हो का वं?" विजयाबाईंनी लेकीला विचारलं.

"हाव," दामिनी म्हणाली. "भेव वाटलं मले."

"अन् बाबा? बाबा बसले का नाही?"

सायलीनं बापाकडं पाहिलं. थोडा विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "बाबा तिकिटाच्या लाइनीत होते."