लीलाबाई बोलत नाहीत

माधवनगरला मुलगी बघायला निघताना धैर्यशीलनं आईला एकच विनंती केली, तिथं शक्यतो बोलू नकोस. हे सांगताना तो आईकडे न बघता गाडीची काच पुसत होता. मुलीचे वडील घोरपडे सर कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, आणि आईच्या प्रत्येक वाक्यात एक 'व्हय' नाहीतर 'न्हाई' ठरलेलं. शिरवळच्या कारखान्यात साहेब झाल्यापासून त्यानं स्वतः ते शब्द केव्हाच सोडले होते.

लीलाबाई शिराळ्याजवळच्या गावच्या. नवरा फौजेत असताना याच बोलीवर त्यांनी ऊसतोडीच्या टोळ्या वठणीवर आणल्या होत्या. या पोराला इंग्रजी शाळेत प्रवेश मिळेपर्यंत हेडमास्तरांना खुर्चीतून उठू दिलं नव्हतं. आता त्याच पोराला त्याच बोलण्याची लाज वाटत होती. तोंडावर बरंच काही आलं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. न्हाई बोलत." त्यातलं 'शक्यतो' त्यांनी मनातल्या मनात खोडून टाकलं. बोलायचं न्हाई म्हणजे अजिबात न्हाई.

नवऱ्याचे गुडघे धरलेले, म्हणून मायलेकरं दोघंच गेली. घोरपडे सरांच्या बायकोनं दारातच विचारलं, प्रवास कसा झाला. लीलाबाई गोड हसल्या आणि मुलाकडे बघत राहिल्या. पाणी कसं हवं, माठातलं की साधं, यावरही तेच. आईचा घसा बसलाय, धैर्यशील म्हणाला.

इथंच तो फसला. शेजारचे डॉक्टर सरांचे मित्र निघाले. ते बॅटरी घेऊन आले आणि लीलाबाईंना आ करायला लावलं. लीलाबाईंनी सगळ्या बैठकीसमोर हातचं न राखता आ केला. डॉक्टर बराच वेळ आत बघत राहिले. शेवटी ते म्हणाले की इतका निरोगी घसा मी या वर्षात पाहिलेला नाही.

"खरं म्हणजे आईचं मौनव्रत आहे," धैर्यशील म्हणाला. "सांगायला संकोच वाटला."

घराचा नूरच पालटला. सर आदरानं उठून उभे राहिले. व्रतात कांदा चालत नसेल म्हणून सरांच्या बायकोनं लीलाबाईंच्या पुढ्यातली गरम कांदाभजी उचलली आणि तिथं दोन केळी ठेवली. भजीच्या बशीमागोमाग लीलाबाईंची नजर स्वयंपाकघरापर्यंत गेली, पण ओठ हलले नाहीत. तेवढ्यात डॉक्टरांनी घरी जाऊन बातमी दिली आणि शेजारच्या दोघी बायका पाया पडायला आल्या. लीलाबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

थोड्या वेळानं मुलगी, राजेश्वरी, त्यांना आतल्या खोलीत विश्रांतीला घेऊन गेली. तिनं दार लोटलं आणि पलंगाच्या कडेला टेकली.

"तुम्ही कुणाला सांगणार नाही, म्हणून सांगते," ती म्हणाली. "मी ऑफिसात हिशोब बघते, असं बाबांनी तुम्हाला सांगितलंय ना? मी ट्रॅक्टर विकते. दिवसभर शेतकऱ्यांत बसून तसंच बोलायला लागलीय. आज ते तोंडातनं काढायचं न्हाई अशी ताकीद हाय. एक दिवस जमंल. पर जल्मभर असं दुसऱ्याच्या तोंडानं बोलायचं असंल, तर मला हे लगीन नको."

लीलाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं.

"कंचं ट्रॅक्टर?" त्या म्हणाल्या.

राजेश्वरी ताडकन उभी राहिली. मग हसत सुटली. तिथून दोघींनी जी सुरुवात केली, ती बाहेर स्पष्ट ऐकू येत होती. नांगर, हप्ते, बांधावरची भांडणं, सगळं निघालं. बैठकीत सर आणि धैर्यशील एकमेकांची नजर चुकवत बसले.

लीलाबाई बाहेर आल्या आणि सरांच्या समोरच बसल्या.

"माझा घसा बरा हाय आन् व्रतबी न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोरानं बोलू नको म्हटलं, म्हणून बोलले न्हाई. तुमीबी पोरीला तेच सांगितलंय. आता तुमी दोघं जरा गप बसा. आमाला बोलू द्या."

सरांच्या बायकोनं मुकाट्यानं भजी परत आणली. राजेश्वरीनं सांगितलं की होकार की नकार, ते मी मागाहून फोन करून सांगेन.

परतताना आष्ट्याजवळ धैर्यशील म्हणाला, आई, चुकलं.

"मला रोगी केलंस, मग साधू केलंस," लीलाबाई म्हणाल्या. "माझी आई अशी बोलती, येवढं सांगायचं तेवढं जमलं न्हाई."

इस्लामपूरच्या अलीकडं त्यांचा मोबाईल वाजला. राजेश्वरी होती. धैर्यशीलनं गाडी कडेला घेतली. लीलाबाई निवांत बोलल्या, मधेच मोठ्यांदा हसल्या. शेवटी फोनवर हात ठेवून त्यांनी मुलाकडे बघितलं.

"तुझ्याशी बोलायचं म्हणती. सगळा वेळ तू आईचंच सांगत बसलास, सोताचं एक वाक्य न्हाई. आन् इचारती, आपल्यासारखं बोलता येतं का तुला?"

"मग तू काय सांगितलंस?"

"ल्हान असताना लय झ्याक बोलायचा, म्हटलं."

धैर्यशीलनं फोन घेतला. सवयीनं तोंडात आलेलं इंग्रजी त्यानं गिळलं.

"व्हय, मीच," तो म्हणाला. "ऐकतोय. बोला तुमी."