मडक्याचं माहेर

हिरामणनानांच्या टीममधला एकही राक्षस आजवर बेशुद्ध पडलेला नाही, आणि नाना आजवर एकही लढाई जिंकलेले नाहीत. ही दोन्ही वाक्यं एका दमात वाचा, म्हणजे माणूस कसा आहे ते कळेल.

आधी गेमचं सांगतो, नाहीतर म्हणाल सुरतेत राक्षस कुठून आले. मोबाइलवरचा गेम आहे. गावभर फिरायचं, राक्षस पकडायचे, त्यांना खाऊ घालून, शिकवून तयार करायचं, त्यातले सहा निवडून टीम बांधायची आणि दुसऱ्याच्या टीमशी भिडवायची. राक्षस म्हणजे माणसं खाणारे नाहीत. कोणाला पंख, कोणाला शेपटी, कोणी भिजलेल्या गोधडीसारखा. पर्वत पाटियाच्या साडी मार्केटमधले आम्ही सेल्समन पोरं सगळे खेळतो. रविवारी मार्केट बंद असतं, तेव्हा दुपारी चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, आमची दंगल भरते.

त्या दंगलीत पांढऱ्या मिशीचा एकच पहिलवान, तो म्हणजे नाना. माझे घरमालक. ते खाली, मी वरच्या खोलीत. मूळचे अमळनेरकडचे, पण सगळी उमर सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये गेली, फोल्डिंग खात्यात. कापडाच्या घड्या घालणाऱ्या माणसांवर मुकादम. मग मालकानं घड्या घालायचं मशीन आणलं आणि नानांचीच घडी घालून घरी पाठवून दिली.

नाना खेळतात चांगलं. समोरच्याचा घाम काढतात. पण त्यांच्या राक्षसाची जीवाची पट्टी हिरव्यावरून पिवळी झाली, की चष्मा कपाळावर ढकलतात, मान कासवासारखी पुढे काढतात आणि राक्षसाला म्हणतात, "बस रे. चाल घर." आणि हार मानायचं बटण दाबून मोकळे. समोरचा बिचारा जिंकूनही तोंड पाडून बसतो, पंगतीत बसवून मधेच पान उचलून न्यावं तसा.

मी नकला करतो. शाळेत असताना हेडमास्तरांची करायचो, आता शेठची करतो, पण मार्केटमध्ये सगळ्यात जास्त मागणी नानांच्या 'चाल घर'ला आहे. मान काढली की निम्मी पोरं आधीच हसायला लागतात. नानांसमोर केली तरी नाना रागवत नाहीत. फक्त म्हणतात, "आवाज थोडा जाड पाहिजे, पंक्या."

एकदा आमचा जिग्नेस चिडला. जिंकायला आलेली मॅच, आणि नाना उठले. तो म्हणाला, "काका, गेम छे. एमां कोई मरी नथी जतुं."

"तुला कोणी सांगितलं?" नाना म्हणाले आणि चहाचे पैसे देऊन चालायला लागले. नानांची बायको, आमच्या नानी, गेल्याला तेव्हा वरीस झालं होतं, हे जिग्नेस सोडून सगळ्यांना माहीत होतं.

नानांची ट्रेनिंग म्हणजे अख्खी मिल. सकाळी अंघोळ झाली की ओट्यावर बसून हजेरी. राक्षसांना त्यांनी नावं दिली आहेत, ढोल्या, भिंगरी, झिपरी, मुकादम वगैरे. मुकादम नावाचा राक्षस सगळ्यात आळशी आहे. दिवसपाळीवाल्याला संध्याकाळी कामाला लावत नाहीत. चार वाजता फोन ओट्यावर पालथा घालतात, कारण ती चहाची सुट्टी. पालथा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, आपण चहा प्यायचा आणि त्यांनी बघत बसायचं, बरं दिसत नाही.

भरतीही तशीच. मी तापीच्या पुलावर एक सोनेरी पक्षी पकडला होता. असा पक्षी की मार्केटभर बोंब झाली, लोक फोटो काढायला आले. नानांनी माझा फोन उजेडात धरला, कापडातला डाग शोधतात तसा पक्षी वरून खालून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "दिसायला झकास आहे. पण हा दिवाळीला गावी गेला की परत यायचा नाही." नानांना टिकणारा माणूस लागतो. त्यामुळे त्यांच्या टीममध्ये आम्ही रस्त्यात दिसला तरी बोट लावत नाही असले राक्षस आहेत. एकाला तर उडता येत नाही, आणि तो पक्षी आहे.

पण नानांचा जीव मडक्यावर.

मडक्या म्हणजे चिखलाच्या रंगाचा बेडूक, पाठीवर मडकं घेतलेला. उडी मारताना पडतो. पडला की मडक्यातलं पाणी सांडतं. मग तो रडतो, आणि रडून रडून मडकं परत भरतो. एवढीच त्याची कला. नानांनी त्याला इतका शिकवला होता की शिकवायला काही उरलंच नव्हतं, तरी तो तेवढाच राहिला होता, बोटभर. कारण त्या जातीचा नियमच असा आहे: मालकाच्या घरी कितीही खाऊ घाला, तो वाढत नाही. दुसऱ्या खेळाडूला देऊन टाकला की त्याच्याकडे पोचल्या पोचल्या मोठा होतो. मग समोरच्यानं वाटलं तर परत द्यायचा. आणि देताना दोघांचे फोन जवळ लागतात, एका गल्लीच्या आत. लांबून जमत नाही.

मोठा झालेला मडक्या म्हणजे लारीवरचा राजा. मी नानांना म्हटलं, मी वरच राहतो, मला द्या, लगेच परत करतो.

"नको."

"मी काय तळून खाणार आहे का?"

"त्याचं ठरलेलं आहे," नाना म्हणाले.

जणू स्थळ आलंय. मी अर्थातच ही बातमी मार्केटभर केली की नानांच्या बेडकाचं जमलं. मग काय, पार्सलवाल्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत जो तो विचारायला लागला, "काका, देडकाना लगन क्यारे?" नाना न चिडता सांगायचे, "आखाजीला."

मला वाटलं, म्हातारा मजा घेतोय. पण एक दिवस नानांचा फोन अडकला आणि त्यांनी तो माझ्याकडे दिला. गेम परत चालू करताना मित्रांची यादी उघडली. माझ्या यादीत अर्धी सुरत आहे. नानांच्या यादीत एकच नाव होतं. कल्पना.

कल्पना म्हणजे नानांची एकुलती एक लेक. कामरेजला दिलेली. इथून बाइकवर गेलं तर चहा थंड व्हायच्या आत पोचतो माणूस. नानींचं तेरावं झाल्यावर जाताना तिनंच नानांच्या फोनमध्ये हा गेम टाकला होता, आणि ओट्यावर बसून पहिला राक्षस पकडायला शिकवला होता. तो पहिला राक्षस मडक्या. तेव्हापासून रोज सकाळी ती गेममधून नानांना एक फळ पाठवते, नाना तिला एक फळ पाठवतात. फोनवर बोलतात तेवढंच. जेवले का, जेवलो, तू, जेवले, ठेवू, ठेव. बोलणं कधी याच्या पुढे गेलं नाही. पूर्वी ते सगळं नानी बोलायच्या.

म्हणजे मडक्या ठरला होता तो तिच्यासाठी. ती माहेरी येणार, ओट्यावर बापाशेजारी बसणार, मडक्या तिच्या फोनमध्ये जाऊन मोठा होणार आणि परत येणार.

आता, आखाजी म्हणजे आमच्या खान्देशची अक्षय्य तृतीया. दिवाळी एक वेळ राहिली तरी चालेल, आखाजीला लेक घरी पाहिजे. सुरतेत आलो म्हणून काही बदललं नाही, त्या आठवड्यात आमच्या गल्लीत जिकडेतिकडे बांगड्याच वाजतात. नानांनी ओट्यावरच्या झोपाळ्याच्या कड्यांना तेल दिलं. गल्लीतल्या एका मावशींना खापरावरच्या पुरणपोळ्या सांगून ठेवल्या. आंब्यांची पेटी आणली. सकाळपासून फोन चार्जिंगला लावून शेजारी बसले. मी दुपारी खाली डोकावलो तर झोपाळ्यावर आंबे ठेवले होते आणि नाना पायरीवर.

कल्पना आली नाही.

रविवारी लारीवर कोणीतरी विचारलंच, झालं का लगीन. नाना म्हणाले, "मुहूर्त पुढे गेला." आणि ढोल्याला लढायला काढून, पट्टी पिवळी व्हायच्या आधीच घरी नेलं.

मला राग आला, तो नानांचा. कारण आमच्यात लेक आपली आपण पिशवी उचलून येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, मुऱ्हाळी म्हणतात त्याला. भाऊ जातो, चुलतभाऊ जातो. कल्पनाला भाऊ नाही. नानी होत्या तोवर नानींचा भाचा जायचा, तो आता पुण्याला गेला. मी नानांना विचारलं, मुऱ्हाळी कोण गेलं होतं? कोण जाणार, म्हणाले. मग ती येणार कशी? तर म्हणे, तिला रस्ता माहीत आहे. मी मनात म्हटलं, मुकादमकी गेली पण ताठा गेला नाही.

पुढच्या आठवड्यात शेठनं मला कामरेजला पाठवायचं ठरवलं, तिथल्या बायकांकडे साड्या लेस लावायला द्यायच्या होत्या. मी नानांना म्हटलं, मागची सीट रिकामी आहे, चला, मीच होतो मुऱ्हाळी. ते नाही म्हणाले. सकाळी खाली आलो तर बाइकजवळ उभे. इस्त्रीचा शर्ट, मिशीला तेल आणि खांद्याला पाण्याची बाटली. लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत ना आमच्यात, म्हणून सोबत घेतलेलं. मी आरशात पाहिलं, तर वरातीच्या घोड्यावर बसवलेल्या पोरासारखे ताठ.

कल्पनाच्या सोसायटीशी आलो. मी गाडी फाटकातून आत घालायला लागलो, तसा नानांनी माझा खांदा दाबला. "इथंच."

"इथं कशाला? वर जाऊ. मी बोलतो ना त्यांच्याशी."

नाना उतरले. भिंतीलगत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. रुमालानं चष्मा पुसायला लागले.

"मागच्या आखाजीला आलो होतो मी," ते म्हणाले. "मीच मुऱ्हाळी. विहीणबाई काही वाईट नाहीत. बसवलं, विचारपूस केली. म्हणाल्या, नाना, तुमच्या घरात आता बाईमाणूस नाही, लेक पाठवायची कोणाकडे? बरोबरच आहे. मी काय बोलणार?"

मी म्हटलं, वर्ष झालं त्याला, आता पाठवतील.

"कल्पी दाराआड होती. पिशवी भरून तयार. मी उठलो तेव्हा ती पिशवी मागं सरकवत होती, मला दिसू नये म्हणून." नानांनी चष्मा घातला. "परत गेलो, तर परत भरेल."

मी गाडी स्टँडला लावली.

नानांनी फोन काढला. यादीतलं एकुलतं एक नाव हिरवं झालं होतं, म्हणजे जवळ आहे. वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत विहीणबाई आमच्याकडे पाठ करून कुरडया वाळत घालत होत्या आणि कल्पना हाताशी परात धरून होती. नानांनी मडक्याला निवडलं, थोडा वेळ नुसतंच पाहिलं, आणि पाठवला.

वर कल्पनानं परात खाली ठेवली. पदराला हात पुसून फोन पाहिला. तिला कळायला वेळ लागला नाही, कारण लांबून हे जमत नाही, हे तिनंच बापाला शिकवलं होतं. ती कठड्याशी आली. आम्ही दिसलो. हाक मारली नाही. मारली असती तर वर बोलवावं लागलं असतं, आणि मग नानांना परत तेच ऐकावं लागलं असतं. नानांनी मान वर केलीच नाही. ते स्क्रीनकडे बघत होते.

मडक्या गेला. बदल्यात तिच्याकडचं एक चिमणीएवढं पाखरू इकडे आलं. जरा वेळानं मडक्या परत आला, आणि तो मडक्या राहिलाच नव्हता. मोठा, रुंद छातीचा, पाठीवर मडक्याच्या जागी रांजण. उडी मारली, पडला नाही. नानांनी अंगठ्यानं काच पुसली आणि म्हणाले, "रडत नाही आता."

काम झालं होतं. मी गाडीची किल्ली काढली. तेवढ्यात नानांनी मडक्याला परत पाठवून दिला. वरून परत आला. नानांनी पुन्हा पाठवला. कल्पना एका हातानं परात धरून दुसऱ्या हातानं बटण दाबत होती, सासूबाईंना कुरडया देत होती, आणि खाली बघत होती. त्या सकाळी तो बेडूक किती वेळा सासरी गेला आणि किती वेळा माहेरी आला, मला माहीत नाही. माझ्या साड्या तशाच गाडीवर बांधलेल्या. ऊन पायरीवर आलं, नाना सरकले नाहीत.

मग सासूबाई उठल्या, काहीतरी म्हणाल्या. कल्पना परात घेऊन आत गेली. मडक्या तेव्हा तिच्याकडे होता. नाना थांबले. पाखरू त्यांच्या स्क्रीनवर इकडून तिकडे उड्या मारत होतं. गॅलरीत नुसत्या कुरडया.

मी म्हटलं, "नाना, फोन लावा तिला. परत पाठवेल."

नानांनी फोन बंद करून खिशात ठेवला.

"राहू दे तठेच," ते म्हणाले. "तिच्याजवळ आपलं कोणीतरी पाहिजे."