मुखत्यारपत्राची सुरक्षितता

माणसाने देश सोडला तरी राज्यकारभाराला काही अडत नाही. त्याची सही मात्र देशात हजर असावी लागते. या सत्याचा पुरेसा विचार न करता सोमेश चंद्रप्पा हॅम्बर्गला नोकरीस गेला आणि सही सोबत घेऊन गेला.

जळकोटचे घर सोमेशच्या एकट्याच्या नावावर होते. त्यातल्या रस्त्याकडच्या दोन खोल्या धाकट्या बहिणीच्या, शिल्पाच्या, नावे करून द्यायचे ठरले. सासर सोडून ती दोन वर्षांपूर्वी परतली होती, पुढच्या खोलीत शिवणकाम करत होती, आणि कुठे राहता असे कुणी विचारले की 'भावाच्या घरी' म्हणत होती. हे उत्तर बदलावे, एवढीच तिची मागणी. सोमेशने ती तत्काळ मान्य केली. (मान्य करणे ही कोणत्याही कार्यपद्धतीतली सर्वांत सोपी पायरी होय.)

त्याच्या वतीने मामा, भागवतराव, सही करणार होते. त्यासाठी मुखत्यारपत्र हवे. सोमेशने वकिलातीची वेळ घेतली, दोन साक्षीदार गोळा केले, जांभळी मोहर उमटताना श्वास रोखून धरला. कुरियरच्या अर्जात 'वस्तू' या रकान्यात त्याने 'कागद' लिहिले, आणि 'मूल्य' या रकान्यात, बराच विचार करून, 'शून्य'. पुढच्या नऊ दिवसांत त्याने पाकिटाचा ठावठिकाणा एकशे त्रेचाळीस वेळा तपासला. त्यांपैकी एकशे अकरा वेळा पाकीट आधीच्याच ठिकाणी होते. तरीही, आपल्यातले काहीतरी रात्रंदिवस घराकडे सरकते आहे, ही जाणीव परदेशातल्या माणसाला फार धीर देते.

पाकीट आई केवळाबाईंच्या हाती पडले. त्यांनी ते कपाळाला लावले आणि थेट खाजाभाईंचे झेरॉक्सचे दुकान गाठले.

"लेकाचा कागुद हाय, जर्मनीचा. दोन्हीकडून प्लास्टिक घाला."

"जाड घालतो, मावशी. पाण्यात बुडवा, काढा, पुन्हा वाचा."

केवळाबाईंच्या गल्लीत चाळीस घरे आणि लॅमिनेशन केलेले तीनशे बारा कागद आहेत. त्यांत शाळा सोडल्याचे दाखले, मुदत संपलेले विमे आणि एका मोडलेल्या लग्नाची पत्रिका यांचा समावेश होतो. जे जिवापाड आहे ते प्लास्टिकमध्ये घालावे, ही तिथली रीत. आणि ती प्रेमातून आली असल्याने तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही.

परदेशातून आलेल्या मुखत्यारपत्रावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक कार्यालयाचा शिक्का लागतो. साहेबांनी शिक्का मारला. शाई घसरली. त्यांनी ती बोटाने पुसली आणि अत्यंत खेदाने म्हणाले, "प्लास्टिकवर शासन उमटत नाही."

दुसऱ्या खेपेला सोमेशने सोबत स्वहस्ते चिठ्ठी जोडली: 'याचे लॅमिनेशन करू नये.'

"मावशी, करू नये म्हणून लिहिलंय की," खाजाभाई म्हणाले.

"वाचलं मी. पर सात वर्षांनी त्याच्या हातचं अक्षर बघायले. इरून जाईल ते. चिठ्ठी तेवढी घाला."

चिठ्ठी घातली. मशीन तापलेलेच होते, म्हणून मुखत्यारपत्रही घातले.

तिसऱ्या खेपेला सोमेशने घर टाळून पाकीट थेट कार्यालयात धाडले. तिथल्या लिपिकाने जांभळी मोहर पाहिली, असा दुर्मीळ कागद दप्तरात हाताळून खराब होईल हे ओळखले, आणि अभिलेख जतनाच्या दृष्टीने शिपायाला खाजाभाईंकडे पिटाळले.

तीनही मुखत्यारपत्रे आता घरी एका ओळीत टांगली आहेत. येणारेजाणारे ती पाहतात आणि बहिणीसाठी एवढे करणारा भाऊ हल्ली मिळत नाही, असे म्हणतात. सोमेशलाही, नवल म्हणजे, हलके वाटले. कर्तव्य तीनदा पार पडले होते आणि घर होते तिथेच होते.

मग शिल्पाचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, चौथा कागुद नको धाडू. तूच ये."

"रजेचं बघावं लागंल गं. आन् सगळं कसं, रीतसर व्हायला पाह्यजे."

"बाबा गेले तवा मी सासरहून, मुखेडहून, यष्टीनं आले व्हते. पंधराव्या दिवशी तुम्ही मला हापिसात नेलं. हक्कसोडपत्रावर सही केली, चार मिनिटं लागली. तवा रीत कुठंच अडली न्हाई, दादा."

सोमेश स्थिर झाला. पापणीसुद्धा हलेना. जळकोटला वाटले, नेट गेले. हॅम्बर्गचे नेट उत्तम चालू होते.

सोमेशला हसून झाले असेल, तर वाचकांनी आपल्या राहत्या घराचा उतारा काढून पाहावा. बहिणीचे नाव शोधायला वेळ लागणार नाही; ते त्यावर नाही. तिने सही केली तो दिवस आठवत नसेल, तर आठवण करून देतो: तिच्याकडे पेन नव्हते. ते तुम्ही दिले होते.