मला वीट आला!

"सहा महिन्यांत हा गोरा तुमच्याआमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलेल! नाही बोलला तर नावाचा कमलाकर नाही!"

पनवेलच्या शाळेत उभी हयात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या कमलाकरमास्तरांनी ही प्रतिज्ञा चारचौघांत केली, तेव्हा तो गोराही तिथंच बसला होता. त्याला एक अक्षर कळलं नाही, म्हणून बिचारा हसला.

त्याचं नाव डेक्लन. आयर्लंडहून पळस्प्याजवळच्या एका गावात दवाखाना बांधायला, फुकट राबायला आलेला. गावाने त्याचा लगेच 'ढेकळ्या' करून टाकला. जागा दिली होती जगनने, कारण त्याची सून पनवेल गाठायच्या आत टेम्पोतच बाळंत झाली होती. पैसा परदेशातल्या संस्थेचा, आणि संस्थेचा इथला माणूस एकटा ढेकळ्या. तो गेला की दवाखाना गेला, हे गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं.

मास्तर रोज सायकल हाणत येऊन त्याला व्याकरण पाजत. सध्या लिंगविचार चालला होता. "तो दगड, तो धोंडा, तो खडक!" डेक्लन हुशार. डोक्यात घातल्यावर खोक पडते ते सगळं पुल्लिंगी, असा नियम त्याने परस्पर बसवून टाकला!

एके सकाळी विटांचा ट्रक आला आणि रस्ता अरुंद म्हणून वेशीवरच थांबला. महिनाभर वाट पाहिलेल्या विटा! डेक्लन उड्या मारत जगनच्या अंगणात शिरला.

"वीट आला! मला वीट आला!"

जगनच्या बायकोच्या, भामाच्या हातातलं सूपच खाली पडलं. "अवो, ऐकलात काय? पोरगा कंटालला!"

"कशाचा वीट आला रं, बाबा?" जगनने धसकून विचारलं.

"दवाखान्याचा!" डेक्लन अभिमानाने म्हणाला.

झालं! हां हां म्हणता अख्खं गाव अंगणात. कुणी त्याची बॅग लपवली, कुणी जिवंत कोंबडा आणून मांडीवर ठेवला. तेवढ्यात मास्तरांची सायकल आली आणि भामाने त्यांनाच धरलं. "तुमीच पिडलात त्याला! रोज त्यो नि ती, त्यो नि ती! कुनाला वीट येनार नाय?"

मास्तरांना क्षणात उलगडा झाला. "अहो, वीट आली! आली! स्त्रीलिंगी!" पण त्या गलक्यात स्त्रीलिंगाला कोण विचारतो? शेवटी त्यांनी डेक्लनला ओट्यावर चढवलं. "मोठ्याने सांग, मला वीट आला नाही!"

डेक्लन गोंधळला. ट्रक तर त्याने डोळ्यांनी पाहिला होता. पण गुरूची आज्ञा!

"मला वीट आला नाही!"

टाळ्या पडल्या. भामाने कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. जगनचे तर डोळेच भरून आले.

माल कुठे उतरवायचा ते विचारायला आलेला ट्रकवाला मात्र मागे उभा राहून हे ऐकत होता. "आला नाय? मंग माज्या गाडीत काय भोपले हायत? नको तं नको! उरनला गिऱ्हाईक वाट बगतंय!"

तो तरातरा निघून गेला. वेशीवरून इंजिनाची घरघर ऐकू आली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि अख्खं गाव ट्रकमागे सुटलं. सगळ्यात मागे धोतराचा सोगा धरून मास्तर, आणि त्यांच्या बाजूला काखेत कोंबडा घेऊन डेक्लन.

"सर," धापा टाकत त्याने विचारलं, "ट्रक गेला, की गेली?"

"काय वाट्टेल ते म्हण रे बाबा," मास्तर कळवळून ओरडले, "पण आधी पळ!"