शेवाळेकाकांचा मळा

कतारमधल्या अल खोरला आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी शेजारचे शेवाळेकाका चहाचा थर्मास घेऊन आले. चपला दाराबाहेर काढल्या, पण आत येईनात. उंबऱ्याशीच उभं राहून त्यांनी माझ्या बायकोला, स्वातीला विचारलं, "तुमच्याआधी इथं कोण राहत होतं, ठाऊक आहे का?"

स्वातीचा चेहरा उतरला. नव्या घरात कुणी हा प्रश्न विचारला की पुढे भुताची गोष्ट येते, असा आपला अनुभव.

"फिलिपिनो नर्स होती एक," काका म्हणाले. "स्वभावानं फार चांगली. खिडकीवरची ती भोकं तिनं पाडलीत, कुंड्या टांगायला. लगेच बुजवू नका." एवढं सांगून झाल्यावर ते आत आले आणि आमच्याच घरात आम्हाला चहा ओतून दिला.

काका एका रस्ते कंत्राटदाराकडे सर्व्हेअर होते. साठीला टेकलेले, सडेफटिंग, डोक्यावर कायम एक मळकी टोपी. वर्ल्डकप जवळ येत होता आणि सगळं कतार खणून ठेवलं होतं. सकाळी ज्या रस्त्यानं ऑफिसला जावं तो संध्याकाळी परत येताना जागेवर नसे. जो तो विचारी, इथं काय होणार आहे? काका एकटेच विचारत, इथं आधी काय होतं?

"वाळू होती, काका."

"वाळूवर कोण होतं?"

इथल्या मराठी मंडळात त्यांना मागून सगळे 'आधीकाका' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. एकदा गणपतीच्या वर्गणीचा मेसेज त्यांनी ग्रुपवर टाकला आणि खाली सहीच केली, आधीकाका.

त्यांच्यासोबत दोह्याला जायचं म्हणजे घरून दुपारीच निघावं लागे. वाटेत एखादी पडकी भिंत दिसली की गाडी कडेला. वॉचमनला गाठून हिंदीत चौकशी. वॉचमन बिचारा गेल्या महिन्यात नेपाळहून आलेला, त्याला काय माहीत? पण काका त्याचं गाव, त्याच्या गावाचं आधीचं गाव, सगळं विचारून घेत. मागच्या सीटवर स्वातीच्या मांडीवर मंडळाचे मोदक गार होत.

एकदा अल खोरच्या किनाऱ्यावर त्यांनी एका म्हाताऱ्या कतारी गृहस्थांना हाच प्रश्न विचारला. अर्धं अरबी, अर्धं हिंदी, बाकी हातवारे. म्हातारबाबा एवढे खूश झाले की आजोबांच्या मोत्यांच्या होडीपासून त्यांनी सुरुवात केली, ते संध्याकाळची मगरिबची बांग होईपर्यंत थांबले नाहीत. त्यानंतर दर शुक्रवारी त्यांचा ड्रायव्हर काकांकडे मासळी आणून देऊ लागला. काका शाकाहारी. नको म्हटलं तर म्हातारबाबांना वाईट वाटेल, म्हणून घेत आणि तशीच आमच्या दारात आणून देत. दोन वर्षं आम्ही फुकट हमूर खाल्ला.

मग दोह्यातल्या एका हॉटेलात भारतातल्या फ्लॅटांचं प्रदर्शन लागलं. पुण्याकडे एखादं घर घ्यावं असं आमच्या मनात होतं. स्वाती म्हणाली, "काकांना नेऊ या. जमिनीतलं त्यांना कळतं." मी म्हटलं, "ते विक्रेत्याचा जीव घेतील." तरी नेलं.

हॉलमध्ये एका टेबलावर काचेखाली पुण्याजवळच्या एका प्रकल्पाचं मोठं मॉडेल होतं. सात टॉवर, हिरवा स्पंज लावलेली झाडं, निळा पोहण्याचा तलाव. टाय लावलेला एक मुलगा उत्साहानं सांगत होता, "सर, एकदम व्हर्जिन लँड. याआधी इथं काहीच नव्हतं."

मी काकांकडे बघून हसलो. आता सुरू होणार. पण काका वाकून त्या मॉडेलशेजारचा नकाशा बघत होते. हायवे, ओढा, ओढ्यावरचा जुना पूल. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी टोपी काढली. मी त्यांना बिनटोपीचं पहिल्यांदाच पाहत होतो.

"तुमचा हा तलाव आहे ना," ते त्या मुलाला म्हणाले, "तिथं लांब खोली होती. पत्र्याची. माणसं राहायची. आणि क्लबहाउस केलंय तिथं विहीर."

"सर, तुम्ही त्या भागातले?"

"पांगळ्यांचा मळा म्हणायचे त्याला."

काका काचेवर बोट ठेवून, आवाज न चढवता सांगत राहिले. इंग्रजांच्या वेळी गावातले आंधळे, लुळे, ज्यांना घरात कुणी ठेवून घेईना ते, असे सगळे गोळा करून गावाबाहेर या जमिनीवर आणून ठेवले होते. पिकवा आणि खा, असा व्यवहार. इंग्रज गेले, मळा तसाच चालू राहिला. रात्री खोलीला बाहेरून कडी लागायची. दिवसा आंधळे रहाट ओढायचे. ज्यांना चालता येत नसे ते बसल्या बसल्या खुरपायचे. आंधळ्यांना सरी कळावी म्हणून वाफ्यांच्या कडेनं गाठी मारलेला दोर बांधलेला असे. वांगी तर अशी यायची की बाजारात तासाभरात संपत. मात्र ती मळ्यातली आहेत हे सांगायचं नाही. सांगितलं तर कुणी हात लावत नसे.

"सर, टायटल मात्र एकदम क्लिअर आहे," मुलगा हळूच म्हणाला.

"क्लिअरच असणार, बाळा. त्यांच्यातल्या कुणाच्या नावावर काही नव्हतंच."

स्वातीनं विचारलं, "काका, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"दर रविवारी डबा घेऊन जायचो ना मी. मधूदादाला."

बाकीचं त्यांनी परतीच्या गाडीत सांगितलं. मधुकर त्यांचा थोरला भाऊ. पाय जन्मापासून लुळे, बोलणं फक्त घरच्यांना कळणारं. बहिणींची लग्नं व्हायची होती. वडिलांनी त्याला मळ्यात नेऊन सोडलं आणि पाहुण्यारावळ्यांत सांगितलं, आम्हाला मुलगा एकच. आई आठवडाभर गप्प असे आणि रविवारी पुरणपोळ्या करी. मधूदादा अर्धी पोळी शेजारच्या आंधळ्या तात्यांना देई आणि उरलेली खाताना दिगूला, म्हणजे काकांना, खुरपं धरायला शिकवी. काकांना जमत नसे. मग तो एवढा हसे की घास ठसके.

"मी डिप्लोमाला बाहेरगावी होतो तेव्हा तो गेला," काका म्हणाले. "घरचं कुणीच गेलं नाही. तात्यांनी आणि चौघांनी मिळून तिथंच कडेला पुरला. मला नंतर तात्यांनी हाताला धरून जागा दाखवली. आंधळा माणूस, पण पावलं मोजून बरोबर तिथंच नेलं. पुढं मळा बंद झाला, माणसं कुठंकुठं पांगवली. मी सुट्टीवर गेलो तर नुसतं कंपाउंड."

"आम्ही तिथं घर नाही घेणार," स्वाती म्हणाली.

"घ्या की. राहायला काय हरकत आहे? माणसांनी राहावंच. फक्त माहीत असावं."

आम्ही शेवटी नाशकाला घेतलं, माझ्या आईजवळ. काकांनी मात्र त्या मॉडेलमधल्या कडेच्या इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. मागच्या बाजूचा, पार्किंगकडे तोंड केलेला, कुणाला नको असलेला. त्यांच्या रस्त्याचं काम संपलं तसे ते कतार सोडून गेले. विमानतळावर म्हातारबाबा स्वतः आले होते.

पुढच्या सुट्टीत आम्ही त्यांना भेटायला गेलो. गेटवरच्या वॉचमननं नाव ऐकताच वाट दाखवली. बेल वाजवायला हात वर केला आणि मी थांबलो. दारावर पितळी पाटी होती. वर मधुकर शेवाळे, खाली दिगंबर शेवाळे.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. आम्हाला पाहुणे समजून म्हणाल्या, "दिगंबरकाका असतील घरात. थोरल्यांना मात्र आम्ही अजून पाहिलं नाही. कुठं असतात ते?"

काकांनी दार उघडलं होतं. त्यांनी बाईंच्या हातातली जड पिशवी घेतली आणि म्हणाले, "इथंच असतात, वहिनी. त्यांना चालता येत नाही."