न वाकणारं बेट

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. खैरटोल्यात शेवंताबाईनं शब्द दिला, की तो दगडावरची रेघ. मी शाळेत दुसरीपर्यंतच गेले. तिसरीच्या गुरुजींनी माझं नाव ऐकूनच बदली मागून घेतली, असं गावात म्हणतात. मी कधी नाही म्हटलं नाही.

तर यंदाची मंडई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि भर दुपारी दंडार होते, म्हणजे नाचगाण्याचं नाटक. ज्या गावची दंडार पडली, त्या गावच्या बायांनी वर्षभर सोयऱ्यांकडे तोंड दाखवायचं नाही. त्यात माझ्या मोनिकाचं लग्न यंदाच वैशाखात एकोडीच्या अमरशी झालेलं. पहिली दिवाळी. जावई येणार, आणि सोबत विहीण, गोदावरीबाई. या बाईनं लग्नात भाताचं एक शीत बोटानं दाबून पाहिलं होतं आणि "बरा आहे" म्हणाली होती. तो "बरा" अजून माझ्या घशात अडकून आहे.

आठ दिवस आधी तिचा फोन आला.

"इहीणबाई, येऊन राहिलो आमी. पण दंडार पाहण्यासारखी आहे ना? गेल्या साली तुमचा राजा सिंहासनावरच झोपला म्हणे."

"झोपला नाई, चिंतन करत होता," मी म्हटलं. "अन् यंदा राजा नाईच. यंदा राजमाता आहे. मी."

"तुमी?"

"मी. बेटाचं साम्राज्य आहे आमचं. जीव देते, पण कोणापुढे वाकत नाई."

"शेवटपर्यंत?"

इथं मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

"शेवटपर्यंत. वाकलं, तर पुढल्या मंडईले एकोडीत येऊन तुमच्या अंगणात मी सडा टाकीन. नाई वाकलं, तर तुमी माह्या चुलीपुढे बसून समद्या पाहुण्यायचे लाखोळीच्या डाळीचे वडे तळायचे."

"कबूल," गोदावरीबाई म्हणाली आणि फोन ठेवला. ती इतक्या लवकर कबूल झाली, तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं.

आता हे साम्राज्य काय, ते सांगते. आमचे धनीराम गुरुजी निवृत्त झाल्यापासून दंडारी लिहितात. यंदा त्यांनी एक अख्खा देशच डोक्यातून काढला. नाव मुक्तद्वीप. सातशे वर्षांपूर्वी एका राजानं हुकूम काढला, की माझ्या महालासमोरून जाणाऱ्यानं वाकून जावं. सात घरं म्हणाली, नाही जात. ती सात होड्यांत बसली आणि समुद्रातल्या सात बेटांवर जाऊन राहिली. तेव्हापासून त्या देशात कोणी कोणापुढे वाकत नाही. दारं हत्ती जाईल एवढी उंच. झाडूला पुरुषभर दांडा. पाण्याचे माठ कमरेएवढ्या ओट्यावर. नमस्कार करायचा तर आपलाच हात आपल्याच डोक्यावर ठेवायचा. मेलेल्यालासुद्धा उभंच पुरायचं.

पहिल्याच बैठकीत मी हात वर केला. "गुरुजी, मंग तिथं रोवणी कोण करते?"

गुरुजींनी चष्मा काढला. "काय?"

"धानाची रोवणी. न वाकता रोवता येते का कुठं?"

"वहिनी, ते बेट आहे. तिथं धान नसेल."

"धान नाई, तं सातशे वर्षं लोकं काय वाळू खाऊन जगली?"

सगळे हसले. गुरुजींनी वही उघडली आणि मी सांगितलं तसं लिहून घेतलं: मुक्तद्वीपात माणसापुढे वाकायला बंदी, मातीपुढे वाकलेलं चालतं. त्यावर राजमुद्रासुद्धा काढली, धानाच्या लोंबीची.

मग मी विचारलं, "अन् कोणाले वाकवल्याबिगर ह्या सात बेटांचं साम्राज्य कसं झालं?" याचंही उत्तर मीच दिलं. "सोयरिकी करून. या बेटाची लेक त्या बेटाले दिली. लढाईत माणूस एकदा हारते, सोयरिकीत जनमभर सांभाळून राहते." तेही त्यांनी लिहिलं. अशा रीतीनं त्या देशाचा अर्धा इतिहास माझा आहे, वहीवर नाव कोणाचंही असो.

राजमातेचं काम खरं म्हणजे आनंदरावचं. तीस वर्षं तो बायांची कामं करायचा. यंदा समोरचे चार दात गेले आणि "स्वातंत्र्य" म्हणताना शिट्टी वाजायला लागली. म्हणून मी. शेला माझ्या माहेरचा, आंधळगावच्या मागावरचा, जरीच्या काठाचा. मुकुट मिठाईच्या डब्याच्या सोनेरी पुठ्ठ्याचा. माझे संवाद मला आमची सून रश्मी वाचून दाखवायची. मी एकदा ऐकलं की पाठ.

मंडईच्या दोन दिवस आधी तिसऱ्या अंकाची तालीम झाली. गुरुजी म्हणाले, "आता वहिनी, मुकुट काढा, शत्रूच्या सेनापतीच्या पायाशी ठेवा, आणि वाका."

मला वाटलं माझ्या कानाला काही झालं. "कोण वाकते?"

"राजमाता. प्रजा वाचवण्यासाठी. इथं साम्राज्य पडते."

मी रश्मीकडे वळले. "तू मले हे वाचून नाई दाखवलं."

"तुमचा संवादच नाई ना तिथं, आई," ती म्हणाली. "तुमी फक्त वाकता. अन् पुढं काय होते, हे तुमी विचारलं कुठं?" या मुलीचं बोलणं दिवसेंदिवस माझ्यासारखं होत चाललं आहे. त्याचं काय करावं, मला कळत नाही.

"गुरुजी," मी म्हटलं, "सातशे वर्षं न वाकलेला देश दोन तासांत वाकवता? काढून टाका हे."

"शोकांत आहे, वहिनी. राजमाता वाकते तेव्हाच लोकं रडतात. नाई जमत तं आनंदराव तयार आहे. शिट्टीसकट."

"अन् सेनापती कोण आहे?"

गुरुजींचा चेहरा खुलला. "तुमचेच जवाई. एकोडीच्या दंडारीत पाच वर्षं सेनापती आहे अमर. मी वही पाठवली, त्यायनं घरीच पाठ केलं."

म्हणजे वही एकोडीत गेली होती. गोदावरीबाईनं शेवट वाचून मग "कबूल" म्हटलं होतं. आणि मी, शेवंताबाई, गावासमोर, विहिणीसमोर, जावयाच्या पायाशी मुकुट ठेवून वाकणार होते. वरून एकोडीत सडा. त्या रात्री मी जेवले नाही. म्हणजे दोन पोळ्या कमी खाल्ल्या.

मंडईचा दिवस उजाडला. डोकं नाटकात असलं तरी शेत थांबत नाही. आमचं उशिरा येणारं भारी धान अजून उभं होतं आणि तलावाच्या पाण्याची पाळी नेमकी त्याच दिवशी आमची. तडक तलावाच्या बांधावर, पारीवर गेले, तुडूम उघडलं, म्हणजे तलावाचं पाणी सोडायची तोटी, आणि पाणी पाटाला लावलं. दुपारच्या आत येऊन बंद करू, असं म्हणून तोंड रंगवायला गेले.

दंडारीची जागा गुरुजींनी हौसेनं निवडली होती. तलावाच्या पारीखाली, धान कापून मोकळं झालेलं खाचर, आमच्याकडे बांधी. चारी बाजूंना मातीचे बुटके बांध, म्हणजे धुरे, मधोमध ड्रमांवर फळ्या टाकून स्टेज. लोक पारीच्या उतारावर बसणार, वरून सगळं दिसणार. ड्रमांची ट्रॉली आत घालायला पोरांनी पाटाकडचा धुरा फोडला होता. परत बांधायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

अमर थेट मंडपातच उतरला, एकोडीहून, मोटारसायकलवर. घरी यायचं दंडारीनंतर ठरलं. गोदावरीबाई पारीवर पहिल्या खुर्चीत. मला पाहून तिनं हात हलवला, जसा काही सडा कसा टाकायचा तेच दाखवत होती.

पहिला अंक असा रंगला, की लाडूवाल्यानं दुकान सोडलं. सात होड्या, सात बेटं, उंच दारं. दुसऱ्या अंकात सोयरिकींचं गाणं चाललं असताना पारीवरून कोणीतरी ओरडलं, "वा गुरुजी, समुद्र आणला."

मी खाली पाहिलं. बांधीत पाणी. चकाकतं, संथ, स्टेजच्या चारी बाजूंनी वर चढत होतं. बांधीचं कामच ते, पाणी धरून ठेवणं. लोक टाळ्या पिटायला लागले. स्टेजमागे स्टुलावर बसून वहीतून संवाद सांगणारे धनीराम गुरुजी धोतर वर करून फळ्यांवर चढले. आता प्रेक्षकांसमोर चष्मेवाला माणूस वही घेऊन उभा. मी लगेच हात पसरला.

"या प्रधानजी. बेटावर स्वागत आहे."

गुरुजींनी घाबरून आपला हात आपल्या डोक्यावर ठेवला. मुक्तद्वीपाचा नमस्कार. पारी हसून लोळायला आली.

आणि तिसरा अंक. पलीकडच्या धुऱ्यावरून शत्रूचं आरमार निघालं. आरमार म्हणजे बांबू आणि पुठ्ठ्याची एक लांब होडी, तिला खालून आठ शिपायांचे सोळा पाय, आणि मध्ये माझा जावई, तलवार उपसून. कोरड्या बांधीतून पळत येऊन त्यांनी स्टेजला वेढा द्यायचा होता. पाच पावलं आले आणि पाय रुतले. दहा पावलांवर पुठ्ठा भिजला. मग होडी आपली मधूनच वाकली, भिजलेल्या पापडासारखी, आणि आठही शिपाई तिच्यातून बाहेर पडले. नडगीभर पाण्यात बुडालेलं आरमार जगात हे एकच असावं.

अमर मात्र पक्का नट. गुडघाभर गाळात उभा राहून गरजला, "राजमाते, मुकुट माझ्या पायाशी ठेव." मग हळूच, पण सगळ्या पारीला ऐकू जाईल असं, "आई, पाय निघून नाई राहिला. तुमीच या ना इकडं."

गुरुजी माझ्या कानाशी लागले. "वहिनी, काय करावं? हे पाणी सोडलं कोणी?"

आणि तेव्हा मला आठवलं. तुडूम. सकाळी. मीच.

 पाणीवाटप पाहणारा भय्याजी समोर पारीवर बसलेला. पाळी माझी, विसर माझा, अर्ध्या गावाचं पाणी वाया. दुसरी बाई असती तर फळ्यांखाली शिरली असती. मी पुढं झाले, शेला खांद्यावर टाकला आणि आवाज चढवला.

"सेनापती, हा समुद्र मी सोडला! या हातानं सोडला. सात घरं सातशे वर्षांमागं ज्या पाण्यानं वाचली, तेच पाणी मी आज बोलावलं. तुले माह्या पायरीपर्यंत येता येत नाई अन् मले वाकवायले निघाला? मुकुट इथंच राहीन. डोक्यावर."

संपलं. पुढं काही ऐकूच आलं नाही. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. आनंदरावनं दात नसलेल्या तोंडानं जी शिट्टी मारली, तशी त्यानं जन्मात मारली नसेल. गुरुजी रडत होते. "शोकांतच झाला," म्हणाले, "माह्यासाठी."

भय्याजी गर्दीतून वाट काढत आला. "काकू, तो डायलॉग वहीत होता का?"

"तुले काय वाटते?"

"लई खरा वाटला," तो म्हणाला आणि तुडूम बंद करायला धावला. तो दिवसभर माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहत होता. मी ते आदरात धरलं.

घरी आलो. अंगणात पाहुणेच पाहुणे. गोदावरीबाईनं पदर खोचला, चुलीपुढे बसली, म्हणाली, "हारले मी. डाळ कुठं वाटून ठेवली?" मी पिढ्यावर ताठ बसून तिला डाळ दाखवली. सांगते, असा क्षण बाईच्या आयुष्यात एकदाच येतो. मी तो मुकुट डोक्यावर ठेवूनच उपभोगला.

इतक्यात दारात अमर उभा राहिला. मांड्यांपर्यंत चिखल, एक जोडा हातात, दुसरा बांधीतच. आणि सगळं अंगण एकदम माझ्याकडे पाहायला लागलं.

पहिल्या दिवाळीला जावई उंबऱ्याशी आला, की सासूनं परातीत त्याचे पाय धुवायचे, ही आमच्याकडची रीत. मोनिकानं पितळी परात आणून ठेवली. रश्मीनं तांब्या दिला, हसू ओठांत दाबून.

"नको आई, मी नळावर धुतो," अमर लाजून म्हणाला.

"चूप उभे राहा," मी म्हटलं. रीत ती रीत. मी पिढ्यावरून उठले, खाली बसले, वाकले. वाकताच मुकुट घसरला आणि परातीत पडला, नेमका जावयाच्या दोन पायांच्या मध्ये.

चुलीवरून आवाज आला. झारा हातात, वडा तेलात. "अवं माय. साम्राज्य वाकलं की."

 पुढल्या मंडईचा सडा मला डोळ्यांसमोर दिसला, रांगोळीसकट.

मी मान वर केली नाही. अमरच्या घोट्यावरचा गाळ बोटानं निपटला आणि तिला दाखवला. "इहीणबाई, वही तुमच्याकडे होती ना? मंग कायदाही वाचला असन. माणसापुढे वाकायची बंदी आहे. मातीपुढे वाकलेलं चालते. मी मातीपुढे वाकून राहिली. पाय मधात आले, त्याले मी काय करू?"

गोदावरीबाईनं माझं गाळाचं बोट पाहिलं. मग वडा उलटवला. "बरी आहात," ती म्हणाली.

पण या वेळचा "बरी" घशात अडकला नाही. वडे मात्र तिचे माझ्यापेक्षा चांगले झाले, हे इथंच सांगते, तिला कोणी सांगू नका.

आणि जावयाचे पाय धुवायला तीन परात पाणी लागलं. दुसऱ्या परातीला माझी कंबर धरली आणि डोक्यात आलं, की मुक्तद्वीपाची राजमाता शेवटी ज्या चिखलापुढे वाकली, तो चिखलही तिनं स्वतःच केलेला होता.